गुऱ्हाळावर स्वतःसाठी शूट करतोय, पण फोटो जाहिरातीसारखेच येतायत

काहील_क्लिक

रोजचं काम कॅटलॉगचं: गुळाची पाकिटं, काकवीच्या बाटल्या, हुपरीचे पैंजण, चपला. पांढरी पाठ, दोन सॉफ्टबॉक्स, खाली अॅक्रिलिक. या हंगामात कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर स्वतःची मालिका करायला घेतली आहे. क्लायंट नाही, ब्रीफ नाही, तारीख नाही, आणि बहुतेक तिथंच घोडं अडतंय.

पहिली अडचण वाफेची. फ्लॅश मारला की काहिलीवरची (रस उकळायच्या मोठ्या कढईवरची) वाफ पांढरीफट्ट भिंत होते, नाही मारला तर गुळव्याचा, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याचा, चेहरा अंधारात. दुसरी रंगाची. चुलवाणाचा जाळ नारिंगी, वर एलईडी बल्ब, दारातून पहाटेचा निळा उजेड. कुठलाही व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं कुठला उजेड पांढरा धरायचा ते माप) लावला तरी काहीतरी फसतंच. आणि हे सगळं जमलं तरी फोटो पाकिटावर छापायला काढल्यासारखे दिसतात. रवा (गुळाची ढेप) चकचकीत, हात स्वच्छ, जाळ सोनेरी. शिवाय याच गुऱ्हाळावर मागं एका ब्रँडसाठी पैसे घेऊन शूट झालंय. त्यातल्या चार-पाच फ्रेम मालिकेत घेतल्या तर चालतील का?

सामान: २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी, २४-७० एफ २.८, ८५ एफ १.८, २०० वॅटसेकंदाचे दोन बॅटरी फ्लॅश.

चिपाडाचा_जाळ

वाफेचं आधी सांगतो. फ्लॅश कॅमेऱ्यावर किंवा कॅमेऱ्याशेजारी असला की समोरची पहिली वाफ फ्लॅशला सगळ्यात जवळ असते, म्हणून उजेडही तीच सगळ्यात जास्त खाते. गुळव्या तिच्या मागं तीन-चार मीटरवर, त्याच्या वाटणीला उरलासुरला. पॉवर वाढवली तर भिंत आणखी पांढरी होते, चेहरा आहे तिथंच राहतो.

फ्लॅश काहिलीच्या पलीकडं न्या, साधारण दोन मीटर उंच, कोपऱ्यात, तिरका तुमच्याकडं तोंड करून. सॉफ्टबॉक्स काढून ठेवा, उघडा रिफ्लेक्टर आणि ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) पुरे. पाठीमागनं उजेड आला की वाफ जास्तच चमकते, म्हणून पॉवर अगदी कमी. आयएसओ १६००, एफ ४, १/६० ला २०० वॅटसेकंदाचा फ्लॅश १/६४ वर सुरू करा, गरज वाटली तर १/१२८. पार्श्वभूमी काळी पाहिजे. मागं उघडं दार आलं तर वाफ दिसतच नाही, सगळी धुरकट होते. काजळीनं काळी झालेली भिंत गुऱ्हाळात फुकट मिळते, तिचा उपयोग करा.

चेहऱ्यासाठी दुसरा फ्लॅश वाऱ्याच्या अंगानं लावा. वाफ ज्या बाजूनं पळते त्याच्या उलट्या बाजूला उभं राहिलं की तुमच्यात आणि गुळव्यात पडदा येत नाही. हा फ्लॅश थेट नको, पांढऱ्या धोतराच्या कापडावरून उडवा. छताला उडवू नका, पत्रा काळा असतो आणि मधे वाफ.

लेन्सवर धुकं धरणार. डिसेंबरात पहाटे बाहेर कडाक्याची थंडी, आत दमट गरमी. कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करून आत न्या, वीस-पंचवीस मिनिटं तसाच ठेवा, मग काढा. पाणी पिशवीवर धरेल, काचेवर नाही. आत लेन्स बदलायची नाही. आणि रसाचा थेंब फिल्टरवर उडाला तर कोरड्या फडक्यानं घासू नका. सुकलेली साखर घासून नीट निघत नाही. साध्या पाण्यानं ओलं करून विरघळवा, मग पुसा.

एक सगळ्यात महत्त्वाचं. चरकाच्या पट्ट्याजवळ गळ्यात लोंबता पट्टा नको. काहील ओढतात त्या वाटेत स्टँड आणि वायर नको. आदण (एका वेळी काहिलीत उकळलेला रस) उतरतं तेव्हा पाक ११८-१२० अंशांचा असतो आणि अंगावर पडला की चिकटून बसतो. अंगात सुती कपडे, नायलॉनचं जॅकेट घालून चुलवाणाशी जाऊ नका.

रंगभान

रंगाबद्दल. जाळ, बल्ब आणि पहाट एका व्हाइट बॅलन्समध्ये बसवायच्या नादाला लागूच नका. त्यातला एक उजेड खरा धरा, बाकीच्यांना त्यांच्या रंगात राहू द्या. फ्लॅशवर फुल सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक कागद) लावा, म्हणजे तो ३००० केल्विनच्या आसपास येतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर. माणसाचा रंग बरोबर, जाळ नारिंगीच, दार निळं. डोळ्यालाही तिथं साधारण असंच दिसतं.

जाळाचा उजेड २००० केल्विनच्या आसपासचा. बऱ्याच कॅमेऱ्यांचं माप २५०० च्या खाली जातच नाही, त्यामुळं रॉ (रंग नंतर बदलता येणारी कच्ची फाइल) शिवाय पर्याय नाही. स्वस्त एलईडी हिरवट मारतो आणि जोरात शटर ठेवला की पट्टे पाडतो; आपल्याकडं वीज ५० हर्ट्झ, म्हणून १/५० किंवा १/१००. त्याहून सोपं म्हणजे मालकाला विचारून तेवढा एक बल्ब बंद करणं.

हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखाची) एक गोम आहे. पांढरा हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो आणि लाल चॅनेल कधीच फुटून गेलेला असतो. जाळ आणि उकळता पाक दोन्हींत लालच जास्त. तो फुटला की पाकाचं पोत जातं आणि सपाट पिवळा डाग उरतो. आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल बघून पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

आणि आता खरं दुखणं. पाकिटासाठी आपण गूळ पिवळाधमक करतो, कारण क्लायंटला तसाच पाहिजे. बाजाराला पिवळा गूळ आवडतो म्हणून तर काही ठिकाणी रसात हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) पडतं. भेंडीच्या रसानं मळी काढलेला, बाकी काही न घातलेला गूळ तपकिरी असतो, कधी चांगलाच काळपट. हे काम घरी संगणकावर आपण स्लायडरनं करतो, म्हणजे हायड्रॉसच की ते! मालिकेत तो स्लायडर बंद. प्रत्येक आदणाला एक फ्रेम कलर चार्ट (रंग ताडून बघायची पट्टी) धरून घ्या, पण फक्त जेल लावलेल्या फ्लॅशच्या उजेडात. मिसळलेल्या उजेडात चार्ट धरून काही उपयोग नाही.

काहील_क्लिक

जेल आणि पाठीमागचा फ्लॅश दोन्ही करून बघतो. हायड्रॉसचं वाक्य लागलं. पण मग फोटोत नेमकं काय वेगळं घ्यायचं, तेही सांगा की कोणीतरी.

पेठेतला_पडदा

भावा, तुझा प्रश्न उजेडाचा नाहीच. कॅटलॉगमध्ये आपण माणसाच्या हाताच्या खुणा पुसतो. पैंजणावरचा ठसा, चपलेच्या कडेचा डिंक, रव्यावरचा ओरखडा. तेच हात फिरवायची सवय घेऊन तू गुऱ्हाळावर गेलायस.

एक रवा जवळनं बघ. तीस किलोचा रवा बादलीच्या आकाराच्या साच्यात कापड घालून भरतात. कापड काढलं की त्याची वीण गुळावर उमटलेली असते, दुमड पडली असेल तिथं एक चुणी, वरच्या तोंडाला हातानं थापल्याचा ठसा. पाकिटाच्या फोटोत हे सगळं संगणकावर क्लोन स्टँपनं (डाग झाकायच्या साधनानं) जातं. मालिकेचा पहिला फोटो तोच घे. उजेड रव्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाऊ दे, दहा-पंधरा अंशांचा कोन, एकच उघडा फ्लॅश दोन मीटरवरून, समोरून काहीही नाही. एफ ११, ट्रायपॉड. धागा न् धागा दिसेल. सॉफ्टबॉक्स लावलास की वीण गेली.

मग स्वतःला बंधन घाल, कारण ब्रीफ नसलं की आपण सगळंच काढत सुटतो. माझी सूचना: एक लेन्स (झूम ३५ वर चिकटपट्टीनं बांधून टाक), एक फ्लॅश, आणि एका आदणाचा क्रम. चरकातून रस, काहिलीत पहिली उकळी, मळी काढणं, फेस वर चढणं, पाक घट्ट होणं, गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो तो क्षण, काहील उतरणं, रवे भरणं. साधारण अडीच-तीन तासांचा खेळ. पहिली तीन आदणं कॅमेरा न काढता नुसती बघ आणि वेळ लिहून ठेव. गोळी बघणं दोन सेकंदांत उरकतं. गुळव्या कुठल्या हातानं, कुठल्या बाजूला वाकून बघतो हे आधी माहीत नसलं तर प्रत्येक वेळी पाठच मिळते.

माणसांसाठी मात्र वेगळं कर. अर्व्हिंग पेन फॅशनच्या मासिकाचाच फोटोग्राफर. त्यानं १९५० आणि ५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये खाटीक, बेकरीवाले, फेरीवाले कामाच्या कपड्यांत, हातात हत्यारासकट, साध्या पडद्यापुढं उभे केले. कृत्रिम उजेड नाही. कॅटलॉगचीच शिस्त, पण वस्तूच्या जागी माणूस. तुला हे जमेल, कारण रोज तेच करतोस. सिनेमावाले बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे त्या कोल्हापुरात एक करडा पडदा मिळायला अडचण नाही. दहा बाय दहा फुटांचं जाड कापड, मळकट करडं, दोन बांबूंना ताणून. उत्तरेला उघडी असलेली शेड बघ. माणूस पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढं, म्हणजे सुरकुत्या विरघळतात. ८५ लेन्स, एफ ५.६. एक आदण उतरून पुढचा रस तापेपर्यंत माणसं मोकळी असतात तेव्हाच बोलव, आणि हात धुवायला सांगू नकोस.

चिपाडाचा_जाळ

पडद्याला माझा विरोध. गुऱ्हाळातनं माणूस उचलून करड्या कापडापुढं उभा केला की तो नमुना होतो, संग्रहालयातल्यासारखा. चुलवाणात चिपाड घालणाऱ्याच्या अंगावरचा घाम हा जाळामुळं आहे, आणि जाळच फ्रेममध्ये नसेल तर तो घाम कशाचा? त्याला चुलवाणाच्या तोंडाशीच घ्या. जाळ हाच मुख्य उजेड, आयएसओ ३२००, एफ २.८, १/१२५. फ्लॅश नको. चिपाड टाकल्यावर जाळ भडकतो आणि दोन स्टॉपचा तरी फरक पडतो, त्यामुळं ऑटो एक्स्पोजर वेडं होतं. भडक्यावर मोजून मॅन्युअल करा, बाकी अंधार राहू द्या.

पेठेतला_पडदा

घामाचा मुद्दा मान्य. पण मग पडदा गुऱ्हाळाच्या आतच लावा, कडेला चुलवाण दिसू द्या, बांबूसकट. पडदा लपवायचा नाही एवढंच.

कलम_सतरा

जुन्या फ्रेमचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: कोणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन फोटो काढला, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ज्यानं पैसे दिले तो. फोटोग्राफर नव्हे. व्हॉट्सअॅपवर नुसतं 'उद्या सात वाजता या' एवढंच ठरलं असेल तर त्या फ्रेम ब्रँडच्या आहेत. मालिकेत घ्यायच्या तर त्यांची लेखी परवानगी घ्या. दोन ओळींचा ईमेल चालेल, पण फाइलचे नंबर त्यात लिहा. त्यापेक्षा पुन्हा काढलेल्या बऱ्या, कारण त्या फ्रेम पिवळ्याच असणार.

पुढच्या प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ टाका: कॉपीराइट फोटोग्राफरकडं राहील, ग्राहकाला अमुक वर्षं, अमुक माध्यमांत वापराचा परवाना. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. न लिहिल्यास कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतो.

गुऱ्हाळातल्या माणसांची संमती वेगळी. मराठीत अर्धं पान, वाचून दाखवायचं, आणि तीन रकाने सुटे: प्रदर्शन, इंटरनेट, जाहिरात. पहिल्या दोन्हीला हो म्हणणारा माणूस तिसऱ्याला नाही म्हणू शकतो. उद्या हीच मालिका बघून एखादा गुळाचा ब्रँड फोटो मागायला येईल (येतातच, स्वतःचं काम बघूनच चांगली कामं मिळतात), तेव्हा जाहिरातीचा रकाना कोरा असेल तर विकायचा नाही. होकार मिळाला तर पैशात त्या माणसाचाही वाटा.

रंगभान

छपाईचं थोडक्यात. २४ मेगापिक्सेलमधून १२ बाय १८ इंच ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) आरामात निघतो, २० बाय ३० ला २०० पीपीआय मिळतात आणि भिंतीवर तेवढे पुरतात. मॅट कागदावर जाळाचा नारिंगी आणि गुळाचा गडद तपकिरी दोन्ही मरतात, बॅरायटा (किंचित चमक असलेला फोटोचा कागद) घ्या. आधी सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल ते संगणकावर) बघा, मग ८ बाय १० च्या पट्ट्या छापून दिवसाच्या उजेडात बघा. निवड वीसच्या आत. दसरा चौकात शाहू स्मारकाच्या कलादालनात लावायचा विचार असेल तर आधी भिंतीचं माप घ्या, मग प्रिंटचं ठरवा. लोक उलटं करतात आणि शेवटच्या दिवशी चार फ्रेम जमिनीवर टेकून ठेवतात.

काहील_क्लिक

जुन्या फ्रेम सोडल्या. पडदा आतच लावतो, चुलवाण कडेला ठेवून. रव्याची वीण याच आठवड्यात घेतो. एक राहिलं: गुऱ्हाळातल्यांना प्रिंट द्यायचे आहेत, कुठले देऊ?

पेठेतला_पडदा

८ बाय १२, प्रत्येकाला त्याचा स्वतःचा, आणि गुळव्याला गोळी बघतानाचा. घरी नेणार असतील तर साधा ग्लॉसी चालेल. गुऱ्हाळातच लावणार म्हणाले तर दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून, कडेला अर्धा इंच प्लास्टिक सोडून द्या. नाहीतर वाफेनं कागद फुगतो आणि हंगाम संपायच्या आत काजळीत माणूस ओळखू येत नाही.