कागदावर 'ऑस्ट्रियन' का?

मैत्रिणीचे पणजोबा युक्रेनी आणि कॅनडाच्या कागदांवर मात्र 'ऑस्ट्रियन' कसे असा एकीचा प्रश्न आहे, तर त्यात चूक काही नाही, युक्रेनी लोक जिथून कॅनडात आले ते गॅलिशिया आणि बुकोविना हे प्रांत तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. कुठे गॅलिशियन, कुठे रुथेनियन (युक्रेनींचं जुनं नाव) असंही लिहिलेलं सापडेल, ही सगळी नावं घालून शोधायला सांगा.

कॅनडात वसायला आलेल्यांना १८७२ च्या कायद्याने १० डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळायची, पण तीन वर्षं तिथे राहून, घर बांधून, ती कसली तरच नावावर. त्या अर्जांच्या फायलींत खरा खजिना आहे, किती एकर नांगरली, गुरं किती, घर केवढं, सगळं नोंदवलेलं असतं.

कॅनडातल्या एडमंटन शहराच्या पूर्वेला ओपन एअर म्युझियममध्ये बुर्देई बघितलंय मी, म्हणजे जमिनीत खणलेलं घर, वर मातीगवताचं छप्पर, आत वाकून शिरायचं, अख्खं कुटुंब त्यात प्रेअरीचा, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांचा, हिवाळा काढायचं, बाहेर आल्यावर मला बराच वेळ बोलवेना. आणि हो, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरी विरुद्ध बाजूला होतं, म्हणून ह्याच 'ऑस्ट्रियन' शिक्क्यापायी कॅनडाने हजारो जणांना शत्रू ठरवून छावण्यांत डांबलं होतं, तेव्हा १९१४ ते १९२० मध्ये पणजोबा नोंदींतून मधेच गायब दिसले तर त्या छावण्यांचे कागदही नक्की बघा म्हणावं.