घाटात तापणारे ब्रेक आणि घटलेला ॲव्हरेज: सल्ला हवा आहे

नमस्कार. माझा सहा टायरचा ट्रक लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेतो. भरलेली गाडी कसारा घाट उतरताना मागचे ड्रम (चाकासोबत फिरणारे ब्रेकचे डबे) इतके तापतात की लायनर (ड्रमवर दाबून चाक थांबवणारा ब्रेकचा थर) जळाल्याचा वास येतो. लिटरला साडेचार किलोमीटरचा ॲव्हरेजही चारच्या खाली आला आहे. जुन्या बाजारातून डिस्क ब्रेक आणून बसवावेत का?

उत्तर १
डिस्क बसवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. ॲक्सल, हब, रिम आणि हवेचे व्हॉल्व्ह एकमेकांच्या मापाने बनवलेले असतात. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही.

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे. ब्रेक पूर्ण सुटत नसेल, तर लायनर ड्रमला घासत राहतो, ते घर्षण ओढण्यात डिझेल जळते आणि घाट लागण्याआधीच ड्रम तापलेला असतो. सपाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न लावता काही अंतर चालवून थांबावे आणि ड्रमला स्पर्श न करता जवळ हात नेऊन पाहावा. एखादेच चाक अधिक तापले असेल, तर गाडी रिकामी करून, इतर चाकांना ठोकळे लावून, ते चाक उचलून हाताने फिरवावे. स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा दांडा) जास्त आवळलेला असणे, कॅम (लायनर ड्रमकडे ढकलणारा फिरता भाग) अडकणे किंवा शूची (लायनर धरणाऱ्या कमानीची) मागे ओढणारी स्प्रिंग तुटणे, ही नेहमीची कारणे आहेत. हवेची गळतीही तपासावी, कारण टाकीतला दाब फार उतरला की पार्किंग ब्रेकची स्प्रिंग चाक धरू लागते.

उत्तर २
चालक उतारावर न्यूट्रल करतात का, हे आवर्जून विचारावे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल जवळजवळ तोडतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत तर होत नाहीच, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारी सोय) असल्यास तो वापरावा. टायरमधली हवाही थंड असताना मोजावी.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मागचे डावे चाक हाताने फिरेना. उघडल्यावर शूची स्प्रिंग तुटलेली आणि लायनर एका बाजूने खाल्लेला निघाला. लायनर फक्त डावीकडचे बदलले तर चालतील का?

उत्तर १
नाही. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकाच प्रतीचे आणि एकाच वेळी बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढेल. ड्रमला बारीक तडे गेले आहेत का, तेही आताच पाहून घ्यावे.