अनुभव धागा: पुण्याच्या जुन्या बागांत तुम्हाला भेटलेलं झाड

गेल्या रविवारी आईला घेऊन एम्प्रेस गार्डनला गेले. बाहेर रेसकोर्सच्या रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट, आणि आत थोडं चालून गेलं की ओढ्याकाठची गार सावली. झाडांवर चढलेले मांडीएवढे जाड वेल बघून आई थबकली. म्हणाली, "चौथीच्या सहलीला यावर झोके घेतले होते आम्ही. बाईंनी ओरडून उतरवलं." इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. तिकीट, वेळा, पार्किंग इथे नको. एम्प्रेस, विद्यापीठ, गणेशखिंडची बाग, आगाखान पॅलेस, कुठलंही चालेल. एखादं झाड किंवा कोपरा सांगा, आणि तिथे तुम्हाला कोणी नेलं तेही.

*

वानवडीहून

आमचे आजोबा एका बंगल्यावर माळी होते. एम्प्रेसमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं, त्यासाठी ते दिवाळीपासूनच गुलाबाच्या मागे असत. छाटणी ऑक्टोबरात. मग एका फांदीवर एकच कळी ठेवायची, बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच नखाने खुडायच्या. मला त्या खुडवत नसत, तेव्हा ते माझं बोट धरून खुडून घ्यायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी अंधारातच उठायचं. फुलं उन्हं वर यायच्या आत कापायची, दांडा तिरका, आणि लगेच बादलीत गळ्यापर्यंत बुडवायची. पाकळीवरची धूळ ते रंगाच्या मऊ ब्रशने झाडत, श्वास रोखून. बादली सायकलच्या हँडलला, मी मागे कॅरियरवर, आणि हडपसरपासून एम्प्रेसपर्यंत सायकल हातात धरून पायी, कारण चढून चालवली तर पाणी हिंदकळून पाकळ्यांना डाग पडतात. तिथे फुलं बंगल्याच्या मालकांच्या नावाने मांडली जात. एका वर्षी पहिलं बक्षीस मिळालं, आणि चिठ्ठीवर आजोबांचं नाव नव्हतं. मला फार राग आला होता, अजून येतो. आजोबा मात्र दुसऱ्या लोकांचे गुलाब वाकून वाकून बघत होते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी प्रदर्शनाला गेलं, तर टेबलामागे उभ्या असलेल्या माळ्याशी दोन शब्द जरूर बोला.

*

औंधहून

विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरचा बंगला. 1864 साली बांधायला घेतला, विद्यापीठ आलं 1949 मध्ये. पण माझ्यासाठी ती जागा बाबांच्या स्कूटरवरून सुरू होते. गणेशखिंड रस्त्यावर ते वेग कमी करायचे आणि दर वेळी तेच सांगायचे: 22 जून 1897 च्या रात्री याच बंगल्यातली मेजवानी आटोपून रँड निघाला आणि चाफेकरांनी त्याला याच रस्त्यावर गाठलं. पुढे मी तिथेच एम.ए. केलं. परीक्षेच्या आधी वडाखाली बसून वाचताना पारंब्यांची टोकं वहीवर टेकायची, पांढरट पिवळी, ओलसर. बाबा आता नाहीत. त्या वडाखाली गेले की वाचायला काही ना काही सोबत नेतेच.

*

शिवाजीनगरहून

गणेशखिंडची बाग 1873 ची. 2020 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. कृषी महाविद्यालयात असताना तिथल्या म्हाताऱ्या आंब्यांखाली सरांनी आम्हाला पानं चुरगाळून हुंगायला लावली होती. प्रत्येक जातीच्या पानाला वेगळा वास. एकाला कैरीचा, एकाला थेट टर्पेंटाइनचा. फळ नसताना जात ओळखायची ती अशी.

कोय कलम मी तिथेच शिकले. रोप पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस. शेंडा उडवायचा, देठाला मधोमध चीर द्यायची आणि जुन्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे. माझी पहिली दहाही कलमं मेली. अकराव्याचं झाड सासवडला भावाच्या शेतावर आहे, फळं धरतं.

*

कोथरूडहून

माझा अनुभव कडू आहे, तरी लिहितो. आई व्हीलचेअरवर. शहरातल्या एका बागेत दारात दोन पायऱ्या, आत खडी. रखवालदार बिचारा स्वतः उचलायला आला, पण चाकं रुतली ती रुतलीच. आईने फाटकाजवळच्या बुचाची खाली पडलेली फुलं ओंजळीत मागून घेतली आणि आम्ही परतलो. बागेत फार काही नको हो, एक सपाट वाट करा.

*

येरवड्याहून

आगाखान पॅलेसच्या मागच्या बाजूला गांधीजींचे सचिव महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आहेत, शेजारी शेजारी. बा तिथेच कैदेत गेल्या, 22 फेब्रुवारी 1944 ला. आत्या दरवर्षी त्या दिवशी घरची फुलं नेते आणि दोन्हीकडे सारखी वाटून ठेवते. मोजून.

*

धागा काढणारी

वानवडीकर, तुमचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "आजोबांच्या घरी गुलाब होता का?" सांगाल का?

*

वानवडीहून

होता ना. गावठी, गुलाबी, वासाचा. डालड्याच्या डब्यात. त्याच्या कळ्या मात्र ते कधी खुडू द्यायचे नाहीत.