मदत हवी आहे : शेवटचं सत्र उरलंय आणि जीव अडकलाय जुन्या छापील प्रवचनांत

मंडळी, नमस्कार.

लिहू की नको करत पंधरा दिवस गेले. प्रोजेक्टचा विषय कळवायला आता तीनच आठवडे उरलेत, म्हणून सगळं मांडते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीच्या शेवटच्या सत्राला आहे. मागचे दोन विषय राहिलेत, अल्गोरिदम आणि संख्याशास्त्र. अवघड होते म्हणून राहिले असं नाही. मी त्यांना वेळच दिला नाही. त्या काळात मी लायब्ररीत डेटा कॉम्प्रेशनचं पुस्तक शोधायला गेले आणि शेजारच्या कपाटातलं छपाईच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन बसले. तिथून जी वाट फुटली ती अजून संपलेली नाही.

गुटेनबर्ग म्हटलं की बायबल, एवढंच मला ठाऊक होतं. ते ४२ ओळींचं बायबल १४५५च्या सुमाराचं. पण त्याच्याही आधी, १४५४ सालची, जर्मनीतल्या माइन्झची छापील पापमुक्तीपत्रं आहेत, म्हणजे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणारी चर्चची पत्रं. म्हणजे चक्क फॉर्म! मजकूर छापलेला, आणि नाव-तारीख हातानं भरायला मधे जागा कोरी सोडलेली. पुढे १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरनं अशाच पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, आणि वर्ष संपायच्या आत ते न्यूरेंबर्ग, लाइपझिग आणि बाझलमध्ये छापून निघाले. पापमुक्तीपत्रं ज्या यंत्रावर निघाली, तसल्याच यंत्रावर त्यांच्याविरुद्धचा मजकूरही निघाला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हा इतिहास म्हणायचा, धर्म म्हणायचा की तंत्रज्ञान, हे मला ठरवता येईना, आणि अजूनही येत नाही.

मग मागे मागे जात राहिले. चीनमध्ये ८६८ साली छापलेला वज्रसूत्र हा बौद्ध ग्रंथ आहे. त्याच्या शेवटी लिहिलंय की वांग जिए यानं आपल्या आई-वडिलांच्या वतीनं सर्वांना फुकट वाटण्यासाठी ते करवून घेतलं. त्याहून आधी जपानची सम्राज्ञी शोतोकू हिनं ७६४ ते ७७० या काळात लाकडाचे दहा लाख छोटे स्तूप करवून घेतले, आणि त्यांच्या पोटात छापील मंत्रांच्या गुंडाळ्या ठेवल्या. त्या कुणी उघडून वाचणार नव्हतं. छापायचं ते वाचण्यासाठीच, ही माझी समजूत तिथे मोडली.

सध्या मात्र मी सतराव्या शतकातल्या इंग्रजी प्रवचनांत आहे. पानांचे फोटो घ्यायचे, ओसीआरनं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं, मजकूर काढायचा आणि कोणते शब्द कोणत्या दशकात वाढतात ते बघायचं, असं मनात आहे. अडचण पहिल्याच पानावर आली. त्या काळी छपाईत दोन प्रकारचे एस होते, एक आपला नेहमीचा गोल आणि एक लांब. लांब एस थेट एफसारखा दिसतो, त्यामुळे माझा प्रोग्राम ‘सिन’ला ‘फिन’ वाचतो. पापावरचं अख्खं प्रवचन माशांच्या परांवरचं झालं. हे एक वेळ शब्दकोश लावून निस्तरता येईल. पण ‘सोल’चं (soul) ‘फाउल’ (foul) होतं, तिथे काय करू? आत्म्याच्या जागी मलिन आलं, आणि दोन्ही शब्द कोशात आहेत, दोन्ही प्रवचनात शोभतात. एका पानावर मी असे एकवीस शब्द मोजले.

हाच विषय प्रोजेक्टला घेऊ का, असं गाइडना विचारलं. ते म्हणाले, याचा उपयोग काय, नोकरीत दाखवता येईल असं काहीतरी घे. त्यांचंही चुकलं असं मला म्हणायचं नाही. पण तेव्हापासून हात चालत नाहीयेत. कधी वाटतं, पदवी आहे तिथे सोडावी आणि इतिहासाला पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा. कधी वाटतं, हे सगळं खूळ बाजूला ठेवावं आणि आधी मोकळं व्हावं.

तर मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पदवी सोडून विषय बदलणं शहाणपणाचं आहे का? लांब एसवर कुणी काही उपाय केलाय का? आणि तिसरी जरा नाजूक आहे. मी देवधर्म फारसा करत नाही, आणि ही प्रवचनं ज्यांच्यासाठी होती त्यांचा धर्म माझा नाही. असं बाहेरून येऊन दुसऱ्याच्या श्रद्धेचे शब्द मोजत बसण्याचा मला अधिकार आहे का?

प्रतिसाद १

अगं, थांब. अगं-तुगं करते, कारण वयानं मी तुझ्या आईएवढी असेन.

पदवी सोडू नकोस. मी सोडली होती, एक पेपर बाकी असताना. नोकरी लागली होती, म्हटलं नंतर बघू. अकरा वर्षांनी परत गेले तेव्हा अभ्यासक्रम बदललेला होता आणि त्या एका पेपराच्या जागी सात पेपर द्यावे लागले. दिले, पण ऑफिस सांभाळून रात्री अकरानंतर जे वाचलं ते सगळं अर्धवट डोक्यात गेलं. तुझे दोनच राहिलेत. ते आताच संपव.

आणि ‘उपयोग काय’ हा प्रश्न फार मनाला लावून घेऊ नकोस. रोबेर्तो बुसा हे नाव कानावर आलंय का? इटलीतले जेझुइट पाद्री. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनात ‘उपस्थिती’ ही कल्पना कशी येते ते त्यांना शोधायचं होतं. शोधता शोधता लक्षात आलं की सगळं मर्म ‘इन्’ या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययात आहे. मग त्यांनी ‘इन्’ आलेल्या वाक्यांची हातानं दहा हजार कार्डं लिहिली. १९४९ मध्ये ते आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना जाऊन भेटले, आणि तिथून यंत्राच्या मदतीनं अक्वायनस आणि त्याच्याशी संबंधित लेखकांच्या मिळून एक कोटीहून जास्त शब्दांची सूची करण्याचं काम सुरू झालं. छापील सूची ५६ खंडांची आहे आणि ती १९७४ ते १९८० या काळात निघाली. गाइडना हे उदाहरण दे. संगणक शब्दांवरही काम करू शकतो, हे ज्या माणसांनी फार आधी ओळखलं त्यांतला हा एक पाद्री होता, आणि त्याला हवा होता एका अव्ययाचा अर्थ.

प्रतिसाद २

लांब एसपुरतं सांगतो, कारण यात माझे बरेच महिने गेलेत.

पहिलं म्हणजे फोटो मोठा करून आडवी रेघ बघा. एफची रेघ उभ्या दांड्याच्या आरपार जाते. लांब एसला रेघ असलीच तर दांड्याच्या डाव्या बाजूला एवढंसं टोक येतं, उजवीकडे काही नसतं. डोळ्याला एकदा सवय झाली की माणूस चुकत नाही. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामचं नेहमीचं इंग्रजी मॉडेल चुकतं, कारण ते आजच्या टायपांवर शिकलेलं आहे. तुम्ही स्वतः काही पानं ओळीओळीनं अचूक उतरवा आणि त्यावर मॉडेलला पुढचं प्रशिक्षण द्या. उतरवताना लांब एस लांबच ठेवा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान आहे. आजचं स्पेलिंग हवं असेल तर ते वेगळ्या थरात करा, मूळ मजकुरात मिसळू नका.

दुसरं, नियम वापरा. लांब एस शब्दाच्या शेवटी येत नाही, त्यामुळे ‘ऑफ’ आणि ‘इफ’मधला एफ डोळे मिटून खरा धरा. उरलेल्या शब्दांसाठी दोन हत्यारं लागतील. वाचलेला शब्द कोशातल्या कोणत्या शब्दाच्या किती जवळ आहे ते काढायला लेव्हेन्श्टाइनचं अंतर, जे डायनॅमिक प्रोग्रामिंगनं निघतं. आणि ‘सोल’ की ‘फाउल’ हे ठरवायला आजूबाजूच्या शब्दांवरून संभाव्यता. आता जरा बघा, ही दोन हत्यारं कोणत्या विषयांत शिकवतात? तुमचे राहिलेले नेमके तेच दोन आहेत.

तुलनेला मजकूरही तयार आहे. त्या काळातली २५,००० हून अधिक इंग्रजी पुस्तकं माणसांनी हातानं टाइप करून घेतलेली आहेत, आणि २०१५ पासून ती सर्वांना खुली आहेत. एवढी पुस्तकं हातानं टाइप करावी लागली यातच तुमच्या प्रश्नाचं वजन कळतं.

एक सावधगिरी. शंभर अक्षरांमागे किती चुकली एवढाच आकडा देऊन थांबू नका. १६३१ मध्ये लंडनला राजाच्या मुद्रकांनी छापलेल्या बायबलात एकच ‘नॉट’ गळला आणि दहा आज्ञांमधली एक ‘व्यभिचार कर’ अशी झाली. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. चुका किती, याच्याइतकंच त्या कुठे झाल्या हेही प्रोजेक्टमध्ये यायला हवं.

प्रतिसाद ३

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी धर्म हा विषय शिकवतो.

एखाद्या धर्माच्या आत राहून त्याच्या शिकवणुकीचा विचार करणं वेगळं आणि धर्म हा माणसांचा व्यवहार म्हणून अभ्यासणं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासाला विद्यापीठांत स्वतःची जागा आहे. ब्रिटनमध्ये निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये लँकेस्टरला असा स्वतंत्र विभाग उभा केला. बाहेरच्या माणसाला त्यात मज्जाव नाही. अट एकच, ज्यांचे शब्द आहेत त्यांना ते किती जिव्हाळ्याचे होते हे मोजताना विसरायचं नाही.

म्हणून मोजण्याआधी निदान पाच प्रवचनं मोठ्यानं वाचा. ती कानांसाठी होती. कित्येक छापील प्रवचनं तर कुणा श्रोत्यानं लघुलिपीत टिपलेल्या मजकुरावरून छापली गेली. म्हणजे तुमच्या ओसीआरच्या आधीही एकदा लिप्यंतर होऊन गेलेलं असतं. इंग्रज कवी आणि प्रवचनकार जॉन डन १६३१ मध्ये वारला आणि त्याची ८० प्रवचनं एकत्र छापून आली ती १६४०मध्ये. त्याचं ५ नोव्हेंबर १६२२चं प्रवचन नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासकांनी संगणकावर पुन्हा ऐकण्याजोगं केलंय. लंडनच्या सेंट पॉल चर्चचं आवार उभं केलं, भिंतींवरून आवाज कसा परतेल ते काढलं, आणि गर्दी कमी-जास्त केली की मागे उभ्या माणसाला काय ऐकू येईल तेही. तुमच्या तिन्ही आवडी तिथे एकाच कामात आहेत.

वर मूळ मजकुरात मिसळू नका म्हटलंय, त्याला माझा मनापासून दुजोरा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि त्यात स्वतःची ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणारा म्हटलं. तुमचा प्रोग्राम ‘सुधारून’ जो शब्द घालेल तो वेगळा दिसला पाहिजे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. संख्याशास्त्राबद्दलची ओळ वाचून मी खुर्चीतून उठले आणि कपाटातली वही काढली. दोन्ही विषयांचे परीक्षेचे फॉर्म भरलेत.

गाइडना पुन्हा भेटले. या वेळी मी लांब एसचं पान, रेघेचा फरक, बुसा यांची दहा हजार कार्डं, सगळं घेऊन गेले. त्यांनी फोटो स्वतः मोठा करून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले की दोन पानांचा प्रस्ताव लिहून दे, पण चुका कशा मोजणार ते आधी लिही. म्हणजे नकार नाही.

पाच प्रवचनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केलीय. आणि दहा पानं हातानं उतरवून झाली. पहिल्या पानाला दीड तास लागला, दहाव्याला पंचवीस मिनिटं. पण सातव्या पानावर अडले आहे. वाक्य धुण्याबद्दल आहे, शब्द ओळीच्या अगदी शेवटी आहे आणि नेमकी रेघेच्या जागी शाई पसरलीय. आत्मा धुवायचा की मळ, अर्थानं दोन्ही जमतं. काय समजू?

प्रतिसाद २

समजू नका. त्याच आवृत्तीची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधा. टाइप तेच, पण शाई प्रत्येक प्रतीत वेगळी बसते. मिळाली नाही तर तो शब्द ‘अनिश्चित’ अशी खूण करून ठेवा आणि पुढे चला.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोन दिवस शोधलं, दुसरी प्रत मिळाली. तिथे शाई फिकी आहे, पण टोक स्पष्ट दिसतं, फक्त डावीकडे. ‘सोल’च आहे. आठव्या पानाचं पुन्हा तपासायला घेते.