पहिलीच गनडॉग (शिकारीत मदत करणारी कुत्री): साडेपाच महिन्यांची स्प्रिंगर स्पॅनियल, सुरुवात कुठून करावी?

श्रॉपशरवासी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वर्किंग लाइनची (म्हणजे शिकारीच्या कामासाठी पैदास केलेल्या वंशातली) इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल मादी आहे, मे महिन्यात साडेपाच महिन्यांची झाली. 'बस' तिला कळतं, घरात हाक मारली की येते. बाहेर मात्र झुडपात नाक घातलं की कान बंद. चेंडू तोंडात धरून परत येते, पण हातात देत नाही, दोन-तीन पावलांवर गोल गोल फिरत राहते. गावालगत फेजंट पक्ष्यांची बंदुकीने शिकार होते ते शूट आहे, तिथे ऑक्टोबरपासून हाकाऱ्यांबरोबर तिला न्यायचा विचार आहे. शिट्टी कोणती घ्यावी? रोज किती वेळ शिकवावं? चेंडू फेकणं चालू ठेवावं का? बंदुकीच्या आवाजाची ओळख कधी करून द्यावी?

रानवाट

आधी ऑक्टोबरचा विचार सोडा. फेजंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. सुरू होईल तेव्हा ती जेमतेम साडेदहा महिन्यांची असेल. हाक्यात आजूबाजूला सुटी कुत्री, थव्याने उठणारे पक्षी आणि वर बंदुका. एकदा पक्ष्यामागे धावायची चटक लागली की शिट्टीवर केलेली मेहनत एका सकाळीत पाण्यात जाते. कारण पाठलाग हेच तिच्यासाठी सगळ्यात मोठं बक्षीस, तुमच्या खिशातला खाऊ त्यापुढे काहीच नाही. पुढच्या वर्षीचा हंगाम धरा, आणि तेव्हाही शिट्टीवर पक्की थांबत असेल तरच.

शिट्टी अ‍ॅक्मे २१०½ घ्या, बहुतेक स्पॅनियलवाले तीच वापरतात. दोन घ्या. प्रत्येक नंबराचा सूर ठरलेला असतो, त्यामुळे हरवली तरी त्याच नंबराची दुसरी चालते. खुणा तीनच: एक लांब फुंकर म्हणजे आहेस तिथे बस, आखूड पिप-पिप-पिप म्हणजे परत ये, दोन आखूड म्हणजे वळ.

थांबण्याची शिट्टी जेवणाच्या भांड्यापासून सुरू करा. आधी लांब फुंकर, लगेच तळहात वर, ती बसली की भांडं खाली. क्रम महत्त्वाचा. हात आधी वर गेला तर ती हातच बघते आणि शिट्टीला काही अर्थच उरत नाही. आठवड्याभराने चालता चालता शेजारी, मग तीन-चार मीटर पुढे असताना, मग पंधरा-वीस मीटरवर. बसली की तुम्ही तिच्यापाशी जाऊन शाबासकी द्या. तिला जवळ बोलावून खाऊ दिलात तर पुढच्या वेळी ती शिट्टी ऐकून बसण्याऐवजी तुमच्याकडे सरकायला लागेल, आणि ही खोड फार चिवट असते.

झुडपात कान बंद होतात म्हणता, तर तिथे हाका मारूच नका. ऐकलं नाही तरी चालतं, हेच ती त्यातून शिकते. हार्नेसला आठ-दहा मीटरची हलकी दोरी लावून जमिनीवर सोडा. टोकाला गाठ किंवा फास ठेवू नका, मुळांत अडकतो. एकदाच पिप-पिप-पिप, आली नाही तर मुकाट्याने दोरी धरून उलट दिशेला चालू लागा.

वेळ म्हणाल तर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याहून जास्त नको.

शिवाय इंग्लंडमध्ये खुल्या प्रवेशाच्या (कुणालाही पायी फिरता येतं अशा) जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब पट्ट्यावर ठेवता येत नाही, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हा विणीचा काळ असतो. हा सराव परवानगी घेतलेल्या शेतात करा, आणि मेंढ्या नसलेल्या.

पिसंआणिडमी

आणण्याच्या कामाबद्दल लिहितो.

चेंडू फेकणं आजच बंद करा. फेकलं की धाव, फेकलं की धाव, हे अंगात मुरलं की बंदूक वाजून पक्षी पडल्यावर ती हुकमाची वाट बघणार नाही. बसून राहणं हाच स्पॅनियलच्या कामाचा कठीण भाग आहे. धावायला तिला कुणी शिकवावं लागत नाही. पुढे डमी (पक्ष्याच्या जागी सरावाला वापरायची भरलेली कापडी गुंडाळी) फेकायला लागाल तेव्हा ती बसलेली असताना चार फेका, तीन स्वतः चालत जाऊन उचला, एकच तिला आणू द्या, तीही पाच-सहा सेकंद थांबवून.

आत्ता मात्र काहीच आणायला लावू नका. चार ते सात महिन्यांत दुधाचे दात पडून कायमचे येतात, हिरड्या दुखऱ्या असतात. दुखताना तोंडात वस्तू धरायला लावली की ती वाटेत टाकून देते किंवा चावत बसते, आणि दात आल्यावरही सवय तशीच राहते.

गोल फिरण्याचं कारण बहुधा एकच: आणलं की लगेच काढून घेतात, हे तिने ओळखलंय. दात आल्यावर घरातल्या अरुंद बोळात सुरू करा, बाजूने निसटायला जागाच नको. तिच्या अंथरुणाच्या वाटेवर आडवं तोंड करून खाली बसा, डोळ्यांत बघू नका, हात पुढे करू नका. आली की छातीवरून हात फिरवा आणि डमी तोंडातच राहू द्या, दहा-पंधरा सेकंद. मग तळवा हनुवटीखाली नेऊन शांतपणे घ्या. तिच्यामागे कधीही धावू नका आणि ओढाओढीचा खेळ घरातल्या कुणालाच खेळू देऊ नका. पक्ष्याला दात लावणारं कडक तोंड पुष्कळदा तिथूनच तयार होतं.

डमी आधी अर्ध्या पौंडाची, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, मोठी झाल्यावर एक पौंडाची. नंतर तिच्यावर फेजंटचे वाळलेले पंख रबरबँडने बांधा. मग पूर्ण थंड झालेला, रक्त न लागलेला पार्ट्रिज (तितर) किंवा फेजंटची मादी. कबुतराची पिसं सहज सुटून जिभेला चिकटतात, कुत्रा थुंकून टाकतो. द्यायचंच असेल तर जुन्या पायमोज्यात घालून द्या.

वाराबघा

रानवाट यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. शिट्टीवर बसणं इतक्या लवकर फार घोटू नका. सतत बसवलेली, सतत पायाशी चालवलेली स्प्रिंगर पुढे पायच सोडत नाही, तोंडाकडे बघत हुकमाची वाट पाहते. अशा कुत्रीत शोधण्याची ओढ पुन्हा जागवणं महाकठीण. दिवसाला तीन-चार शिट्ट्या पुरे, बाकी वेळ तिचं नाक चालू द्या, फक्त तुमच्याजवळ.

त्यासाठी कापलेलं आखूड गवत निवडा, सशांचा ताजा वास नसलेलं. वारा तोंडावर घ्या. स्वतः नागमोडी चाला, ती एका बाजूला दहा मीटर गेली की दोन पिप आणि तुम्ही उलट बाजूला वळा. सुरुवातीला ती आपणहून वळायच्या बेतात असतानाच पिप वाजवा. अधूनमधून गवतात लपवलेला छोटा चेंडू सापडू द्या, नेहमी तुमच्या पायाजवळ, म्हणजे शिकार माणसाजवळ असते हे तिच्या डोक्यात बसतं.

दोन्ही बाजूंना पंधरा मीटरच्या आत ठेवण्याचं कारण बंदुकीत आहे. शॉटगनचा खात्रीचा पल्ला पस्तीस मीटरच्या आसपास. पक्षी वीस मीटरवर उठला तर बंदूक खांद्याला लागेपर्यंत तो त्या टोकाला पोचतो, पुढे उरतो तो जखमी होऊन निसटणारा पक्षी. वारा पाठीवर असेल तर मात्र चांगली कुत्री सरळ पुढे जाऊन तुमच्या दिशेने शोधत परत येते. तो बेशिस्तपणा नाही, तिला थांबवू नका.

बंदुकीचा आवाज आठव्या महिन्याच्या आत नको, आणि नाक मनापासून चालतंय हे दिसल्यावरच. मदतनीस स्टार्टिंग पिस्तूल (नुसता आवाज करणारं, गोळी नसलेलं) घेऊन शंभर मीटरवर, ती शोधण्यात गुंग असताना एकच बार. तिने मान वर करून पुन्हा नाक खाली घातलं तर ठीक. शेपूट खाली गेली किंवा तुमच्याकडे पळत आली तर काही बोलू नका, कुरवाळू नका, पुढच्या वेळी अंतर दुप्पट करा. अंतर काही आठवड्यांत कमी करत आणा. 'सवय होऊ दे' म्हणून क्ले शूटिंगच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजीच्या) मैदानाशेजारी उभी करू नका. बंदुकीला घाबरणारी पुष्कळ कुत्री तशीच तयार होतात.

श्रॉपशरवासी

खूप आभार. चेंडू उचलून ठेवला. एक शंका: दोरी नसताना ससा उठला आणि ती मागे लागली तर?

रानवाट

थांबण्याची शिट्टी एकदाच. बसली नाही तर गप्प राहा. ओरडणं तिला पाठलागात सामील झाल्यासारखं वाटतं. परत आली की रागावू नका, नाहीतर परत येण्याचीच शिक्षा होते. पट्टा लावा आणि पुढचे दोन आठवडे दोरीशिवाय सोडू नका. सशावर पक्कं बसवणं दहा-बारा महिन्यांनंतर, जाळीने बंदिस्त केलेल्या सशांच्या वाड्यात, जाणकार शेजारी असताना. तिथे ससा उठतो त्याच क्षणी शिट्टी वाजली पाहिजे. ती चार ढांगा गेल्यावर वाजवून उपयोग नाही.

पिसंआणिडमी

आणि जूनपासून दर फेरीनंतर कान, काखा आणि बोटांमधली जागा तपासा. गवताची कुसळं स्पॅनियलच्या केसांतून कातडीत शिरतात. अचानक डोकं झटकायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कानात गेलेलं कुसळ घरी चिमट्याने काढायला जाऊ नका.