बाणेरची कार्यालयीन जागा रिकामी झाली. आता काय करावे?

प्रश्न: माझ्या 900 चौरस फुटांच्या जागेत एक सॉफ्टवेअर कंपनी सहा वर्षे भाड्याने होती. घरून काम सुरू झाल्यापासून चौदांपैकी जेमतेम चार टेबले भरत, आणि मुदत संपताच त्यांनी किल्ल्या परत केल्या. खुर्च्यांच्या चाकांनी फरशीवर उमटवलेले चरे पाहिले की मन खट्टू होते. भाडे उतरवावे, की थांबावे?

उत्तर 1: मागणी आटलेली नाही, तिचे स्वरूप बदलले आहे. परदेशी कंपन्यांची जागतिक क्षमता केंद्रे, म्हणजे त्यांचे स्वतःचे काम इथून करणारी कार्यालये, पुण्यात आणि बंगळुरूत मोठे, सलग मजले घेतात. लहान कंपन्या मात्र कायमची जागा सोडून को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेक कंपन्यांच्या सामायिक कार्यालयात, महिन्याच्या हिशेबाने खुर्च्या घेतात. त्यातच डिसेंबर 2023मध्ये केंद्र सरकारने सेझमधील (निर्यातीसाठीच्या विशेष आर्थिक क्षेत्रांतील) आयटी इमारतींचे मजले वेगळे काढून सेझबाहेरच्या कंपन्यांना देण्याची मुभा दिल्याने तुमच्यासारख्यांची स्पर्धा वाढली. सुटी जागा आयटीलाच देण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही.

उत्तर 2: सहमत आहे. ज्यांचे काम घरून होतच नाही, असे भाडेकरू पाहा: दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, सनदी लेखापाल. दवाखाना असेल तर सोसायटीची आणि महापालिकेची वापराविषयीची अट आधी तपासा. भाडे एकदम पाडण्यापेक्षा पहिले दोन महिने माफ करून लॉक-इन (ज्या काळात भाडेकरूला करार सोडता येत नाही) तीन वर्षांचा मागावा, कारण एकदा उतरवलेला दर पुढच्या करारात वर चढवणे फार जड जाते.

प्रश्नकर्ता: आभार. शेजारच्या इमारतीतील दंतवैद्य जागा शोधत आहेत; उद्याच बोलतो.