भीमा आटते ती फक्त पावसामुळे नाही

भीमेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडतं ते पाऊस कमी झाल्यामुळे, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पावसाची लहर बदललीय हे खरंच. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना साधारण तिप्पट झाल्या. रिपरिप पाऊस जमिनीत मुरतो, धो धो पडलेला वाहून जातो. मग ऑगस्टमध्ये पूर आणि मार्चमध्ये टँकर.

पण भीमेचं दुखणं जुनं आहे. मुळशी, वळवण, ठोकरवाडी ही वीजनिर्मितीची धरणं शंभर वर्षांपूर्वीची. घाटमाथ्यावरचं, म्हणजे सगळ्यात जास्त पावसाचं पाणी ती भीमेकडे येऊ न देता कोकणात उतरवतात. मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह झाला १९२१ मध्ये, तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणी ऐकला नव्हता! पुढे १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण झालं आणि मागोमाग ऊस आला. उसासाठी बोअर इतके खोल गेले की पावसाळ्यानंतर जे झरे नदी वाहती ठेवायचे, तेच आटले. आता आषाढीला चंद्रभागेत, म्हणजे पंढरपूरच्या भीमेत, स्नानापुरतं पाणी हवं असेल तर बऱ्याचदा उजनीतून सोडावं लागतं.